बाटली फुटते ती तेजाबाने नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर 'घरातले तेजाब, कॉस्टिक आणि काचेची बाटली' हे वाचून मघाशी मागच्या रांगेत दोघा-तिघांना हसू आले. कापसाचा भाव, कर्ज, वीज एवढे सगळे पडले असताना याने बाटली कुठून काढली, असे त्यांना वाटले असेल. मला त्याचा राग नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. हा विषय मी मागून घेतला आहे, कारण यात एक चूक माझी आहे आणि ती मी आजवर कुठल्या सभेत उभे राहून सांगितलेली नाही.

२००४ सालची गोष्ट. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन मी नुकताच कामाला लागलो होतो. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली होती, पण गावोगाव अजून घरची सरकी ठेवणारे, सरळ वाण पेरणारे बरेच लोक होते. सरकीवर बारीक लव असते, दाण्याला दाणा चिकटतो, सरत्यातून बी सुटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती लव गंधकाच्या तेजाबाने जाळून टाकायची, बी धुऊन घ्यायचे, पोचट दाणे पाण्यावर तरंगतात ते काढून टाकायचे, म्हणजे उगवण चांगली होते. लवेवरचा करप्याचा रोग जातो, लवेत दडलेली बोंडअळीही मरते. शास्त्र खरे होते. वर्धा नदीच्या काठच्या एका गावात मी त्याचे प्रात्यक्षिक घेतले. पांढरी कोरी पँट, हातात कॉलेजातून मागून आणलेले काचेचे मोजपात्र. लोक बघत होते. एकाने विचारले, साहेब, तेजाब कशात घ्यायचे? मी ऐटीत सांगितले, "काचेत घ्या. काचेला तेजाब काही करत नाही."

वाक्य खोटे नव्हते. गंधकाचे तेजाब काचेला खात नाही. लोखंडाला खाते, कापडाला खाते, चामडीला खाते, पण काचेत वर्षानुवर्षे राहते. मी फक्त एवढे सांगितले नाही की माझ्या हातातली काच वेगळी आणि तुमच्या घरातली काच वेगळी.

ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्याकडे त्या प्रात्यक्षिकातले अर्धा लिटरभर तेजाब उरले. ते त्याने जपून ठेवले. आपण शेतकरी, विकत घेतलेली वस्तू फेकत नाही. पुढच्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, न्हाणीच्या फरशीवर पांढरा थर साचला होता तो काढावा म्हणून त्याने तेजाब पातळ करायचे ठरवले. लोणच्याची जाड काचेची बरणी घेतली. तिच्यात आधी तेजाब ओतले. मग घरधनिणीला सांगितले, तांब्याने पाणी टाक. तिने टाकले. बरणीचे बूड कुणी सुताराने कापावे तसे गोल सुटून खाली आले आणि आतले उकळते तेजाब तिच्या दोन्ही पावलांवर गेले.

घरात पाणी किती होते? एक गुंड, तोही अर्धा. मे महिना संपत आलेला, हापशी दोनशे पावलांवर आणि तिथे रांग. तो अर्धा गुंड ओतला तोवर आणखी कुणाला काही सुचेना. मग नवऱ्याला आठवले की साहेबांनी सरकी धुतल्यावर चुन्याच्या निवळीत बुडवायला सांगितली होती, चुन्याने तेजाब मरते. त्याने खायच्या चुन्याची डबी आणली आणि भाजलेल्या पायावर चुना चोपडला. तेजाबाला चुना भेटला की आणखी गरमी निघते, आणि चुना स्वतःही कातडे खातो. घोट्याखालचे जे वाचले असते तेही गेले.

पावसाळ्यात मी त्या गावी गेलो तेव्हा माउली खाटेवर होती. नवरा मला रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुमीच त सांगतलं होतं ना साहेब, काचेत घ्या म्हून." त्या वर्षी त्यांच्या वावरातली निंदणी मजुरांकडून झाली, दवाखान्याला बैलजोडीतला एक बैल गेला. कापसाच्या उत्पादन खर्चाचे जे तक्ते मी पाहिले आहेत, त्यांत बी, खत, मजुरी, व्याज सगळे मांडलेले असते. असल्या बैलासाठी रकाना नसतो.

आता ती बरणी का फुटली ते समजून घेऊ.

तुमच्या आजीला यातले शास्त्र माहीत होते. कळीचा चुना विझवताना ती खड्यावर पाणी शिंपडायची नाही आणि चांगले मडके त्या कामाला घ्यायची नाही. चुना पाण्यात पडला की रटरट उकळतो, मडके तडकते. तेजाबाचे तेच आहे, कॉस्टिक सोड्याचेही तेच. पाणी भेटले की दोघेही तापतात. खाली चूल नसताना आधण येते. पाव किलो कॉस्टिक लिटरभर पाण्यात टाकला तर पाणी पन्नास-साठ अंशांनी तापते. म्हणजे तीस अंशांचे पाणी नव्वदीच्या घरात जाऊन बसते.

काच उष्णता हळूहळू पुढे देते. आतली बाजू तापली की फुगते, बाहेरची थंड बाजू जागेवरच राहते, आणि दोघींची ओढाताण होऊन काच फाटते. हिवाळ्यात जाड बुडाच्या थंडगार ग्लासात उकळता चहा ओतला की टक् करून बूड सुटते, ते हेच. बाटली, बरणी, ग्लास यांची साधी काच चाळीस-पन्नास अंशांचा एकदम फरक पडला की कधीही दगा देते. आपल्याला वाटते जाड काच मजबूत. पडली-आपटली तर कदाचित ती टिकेल. गरमीत मात्र पातळ काचेच्या आधी जाड काच जाते, कारण आतून बाहेर ऊब पोचायला तिला जास्त वेळ लागतो. बरणीचे बूड सगळ्यात जाड, म्हणून तेच आधी सुटते. कॉलेजातल्या मोजपात्राच्या काचेत बोरॉन असते. ती साध्या काचेच्या एक-तृतीयांशाइतकीच फुगते, म्हणून सहज फुटत नाही. मी ती हातात धरून तुम्हाला लोणच्याच्या बरणीचा सल्ला देत होतो.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की करा. काचेच्या भांड्यात काहीही पातळ करायचे नाही, विरघळवायचे नाही, मिसळायचे नाही. दुकानातून आलेले तेजाब बंद बाटलीत राहू शकते. काम करताना प्लास्टिकची जाड बादली घ्या. आणि क्रम असा की पाणी आधी, भरपूर. तेजाब त्यात बारीक धारेने, ढवळत. उलटे कधीच करायचे नाही. तेजाब पाण्याच्या जवळजवळ दुपटीने जड असते. तेजाबावर पाणी टाकले तर ते वरच तरंगते, जागच्या जागी उकळते आणि तेजाब घेऊन तोंडावर उडते. पाण्यात तेजाब टाकले तर ते खाली उतरत मिसळते आणि गरमी सगळ्या पाण्यात वाटली जाते. कॉस्टिकचेही तसेच, पाण्यात कॉस्टिक, थोडा थोडा.

सरकीच्या बाबतीत मात्र इथे एक गोम आहे. कित्येक माहितीपत्रकांत असे छापलेले असते: कोरड्या बादलीत सरकी घ्या, तेजाब टाका, दोन-तीन मिनिटे लाकडी दांड्याने घोळा, बी कॉफीच्या रंगाचे झाले की पाणी टाका. हे पाणी टाकणे म्हणजे तेजाबावर पाणीच की! तांब्या-तांब्याने टाकले तर बादलीत वाफ उसळते, आणि अंगावर उडते ते वेगळेच, बीही उकडते. उगवण वाढवायला गेलो आणि बियाणे शिजवून बसलो. म्हणून शेजारी पाण्याने भरलेला मोठा प्लास्टिकचा टब आधी तयार ठेवायचा आणि ती सरकी एकदम त्यात उलटी करायची. मग पाणी बदलून चार-पाच वेळा धुवायचे, शेवटी चुन्याची निवळी, आणि सावलीत वाळवण. मापाचेही बघा. किलोभर सरकीला तेजाब कुठे शंभर ग्रॅम छापतात, कुठे शंभर मिली. हे दोन एक नाहीत. शंभर मिली तेजाबाचे वजन १८४ ग्रॅम भरते. मी वजनाने शंभर ग्रॅम घ्यायचे सांगतो, म्हणजे साधारण ५५ मिली. तेवढ्यात लव जाते.

आता वजनावरून बाटली उचलण्याकडे येतो. लिटरभर तेजाब पावणेदोन किलोच्या वर. अडीच लिटरच्या बाटलीत नुसते तेजाबच साडेचार किलोच्या पुढे, वर काचेचे वजन. हात मात्र पाण्याच्या बाटलीच्या सवयीने जातो. मानेला धरून उचलली की सगळा भार त्या मानेवर, आणि काचेची मान हीच कमजोर जागा. एक हात बुडाखाली, एक हात अंगाला, असे तान्हे लेकरू उचलतो तसे उचलायचे. मोटारसायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून आणलेली बाटली मी पाहिली आहे. गुडघा आणि बाटली यांच्यात चार बोटांचे अंतर नव्हते. दोन बाटल्या एका पिशवीत तर नकोच, त्या एकमेकींना ओरखडे पाडतात. ओरखडा पडलेली काच आज फुटत नाही, पण पुढच्या धक्क्याला तिथूनच चिरते. बाटली हलू नये म्हणून कुणी भुसा, कुटार, कडबा भोवती कोंबतो. फुटली तर तेजाब त्या कुटारात जाऊन धुमसते. कोरडी वाळू घाला. घरात ठेवायची तर कोनाड्यात नाही, माळ्यावर नाही. जमिनीवर, प्लास्टिकच्या टबात ठेवा. फुटलीच तर जे काही आहे ते टबात राहील. आणि बूच पक्के हवे, कारण तेजाब हवेतला ओलावा ओढते. पावसाळाभर सैल बुचाच्या बाटलीत ते आपोआप वाढत जाते आणि तोंडाशी येऊन बसते.

कॉस्टिकसाठी मात्र काचेची बाटली ठेवायला सुद्धा नको. बचत गटातल्या बाया साबण करतात, फिनेल करतात, त्यांनी हे विशेष ऐकावे. कॉस्टिक काचेला हळूहळू खातो. काचेचे बूच असेल तर ते मानेत असे बसते की निघत नाही. मग कुणी बूच ठोकतो, कुणी मान दिव्यावर शेकतो, आणि मान हातात येते. कॉस्टिक जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा. विरघळवायचा तो प्लास्टिकच्या बादलीत किंवा स्टीलच्या पातेल्यात. जर्मनच्या पातेल्यात नाही! जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक त्याला खातो, फेस येतो, पेट घेणारा वायू निघतो आणि पातेल्याला भोके पडतात.

थंड पेयाच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत सुटे तेजाब आणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती मोडा. बाटली फुटायची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती तहानलेल्या पोराची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी तेजाबाच्या सुट्या विक्रीवर बंधने घातली. दुकानदाराने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र बघायचे, कशासाठी हवे ते लिहून घ्यायचे, अठरा वर्षांखालच्यांना द्यायचे नाही. तो आदेश बायका-मुलींच्या तोंडावर तेजाब फेकणाऱ्यांमुळे आला, शेतकऱ्यांमुळे नाही. तरी त्याचा आपल्याला जाच वाटू नये. उलट एका गावाने मिळून एकच कॅन, कारखान्याच्या चिठ्ठीसकट, नोंद करून आणावा. घरोघरी अर्धा-अर्धा लिटर उरतो, तोच घात करतो.

जाता जाता जवारीचे. काणी येऊ नये म्हणून जवारीच्या बियाण्याला किलोला ४ ग्रॅम गंधक चोळतो, ती पिवळी भुकटी. तिचा आणि तेजाबाचा नावापुरता संबंध. जवारीला तेजाबाचे काही काम नाही. दुकानात पोराला पाठवताना 'गंधक' एवढेच न सांगता 'गंधकाची भुकटी' असे सांगा. झटका मशीनच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही वरून तेजाब घालायचे नसते. पाणी उडून जाते, तेजाब आतच राहते, म्हणून फक्त शुद्ध पाणी घालायचे.

एवढे करूनही फुटली तर?

जमिनीवर सांडलेल्या तेजाबावर लगेच पाणी ओतू नका. लेकरे, गुरे लांब करा. कोरडी माती किंवा वाळू कडेने टाकत आत या. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, ती फसफसेल, घाबरू नका, पण तोंड खाली घालून बघू नका. माती प्लास्टिकच्या सुपलीने उचलून बांधापलीकडे खड्ड्यात, वरून चुना थोडा थोडा. काचेचे तुकडे हाताने उचलायचे नाहीत, चिंधीने तर नाहीच. तेजाब सरकीची लव का जाळते? लव म्हणजे कापूस. तुमची चिंधी, धोतर, लुगडे हाही कापूसच! म्हणून काम करताना रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगावर जुना रेनकोट नाहीतर खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी फाडून बांधलेली. गमबूट असतील तर पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर तेजाब बुटात उतरते आणि तिथेच साचते.

अंगावर पडले तर पाणी, आणि फक्त पाणी. चुना नाही, सोडा नाही, हळद नाही, तूप नाही, दात घासायची पेस्ट नाही. भिजलेले कपडे ओढून काढा, लाजू नका, आणि किमान वीस मिनिटे वाहते पाणी घाला. घड्याळ लावून बघा, वीस मिनिटे किती लांब असतात ते. कॉस्टिकची कोरडी कपची असेल तर आधी झटकायची, मग पाणी. डोळ्यात गेले तर पापणी बोटांनी उघडी धरून पाणी, आणि धुणे झाल्याबरोबर दवाखाना. पोटात गेले तर ओकारी काढू नका. जाताना जाळले, येताना पुन्हा जाळेल.

आता हिशोब मांडा. सरकी धुवायला चार-पाच टब पाणी. अपघात झाला तर वीस मिनिटांची धार. आणि हे काम येते कधी? मृगाच्या तोंडावर, जेव्हा आपल्या कोरडवाहू गावांत प्यायच्या पाण्याला टँकर लागतो. कॅनॉलवरच्या शेतकऱ्यासाठी लिहिलेली शिफारस आपण जशीच्या तशी उचलली. मी उचलून आणून तुमच्या ओसरीत ठेवली. माझे आता सरळ म्हणणे आहे की ज्या घरात दोन गुंड पाणी राखीव नाही, त्या घरात तेजाबाची बाटली उघडायची नाही. करायचेच असेल तर गावाने मिळून, पाणी असलेल्या विहिरीच्या जवळ पण तिचे पाणी बिघडणार नाही एवढे लांब, दोन शिकलेल्या माणसांच्या हातून, एका दिवशी. धुणाचे पाणी नाल्यात सोडायचे नाही, तिथे गुरे पितात. चुना टाकलेल्या खड्ड्यात जिरवायचे.

आणि नसेल जमत तर शेण आहे. तुमचे आजोबा सरकी शेणाच्या काल्यात माती-राख घालून खाटेवर घोळायचे, दाणा दाणा सुटा व्हायचा. रोग-अळीवर त्याचा तेजाबासारखा उपयोग नाही, हे मी लपवत नाही. पण सरत्यातून बी सुटायला तेवढे पुरते, आणि त्यात भाजायचे काही नाही. बीटीची पाकिटे घेणाऱ्यांना यातले काहीच लागत नाही, त्यांचे बी लव काढूनच येते. देशी कापूस, सरळ वाण पुन्हा लावणारे इथे बरेच बसले आहेत, आणि परवा त्यांच्यातल्याच एकाने मला फोनवर विचारले, साहेब, तेजाब कशात घ्यायचे? म्हणून हा विषय मागून घेतला.

जेवणे झाली की शाळेमागच्या हापशीजवळ या. दोन किलो सरकी, शेण आणि एक खाट तिथे ठेवली आहे. तेजाब आणलेले नाही. एक लोणच्याची जाड बरणी आणली आहे, रात्रभर गार पाण्यात ठेवलेली. तिच्यात मी नुसते आधणाचे पाणी ओतणार आहे. पोरांना तेवढे दहा हात मागे बसवा.